विश्लेषण : प्रती फक्त ३०, सह्या दोन… कीथ हेरिंग यांच्या ‘अँडी माउस’ची किंमत नेमकी कशाची?

जाळी, शाई आणि कागद. स्क्रीनप्रिंटला लागते तेवढेच. एकदा जाळी तयार झाली की हजार प्रती काढायलाही फार अडचण नसते. तरीही ३० प्रतींवर छपाई थांबवली जाते आणि पुढे त्यातील एकेका पानासाठी कोटीच्या घरात बोली लागते. असे का होते?

नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘सदबीज’ या लिलावसंस्थेने न्यूयॉर्कमध्ये खडूने काढलेली ३१ चित्रे विक्रीला ठेवली. ही चित्रे १९८० च्या दशकात तिथल्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांत, जाहिरातींच्या रिकाम्या चौकटींवर चिकटवलेल्या काळ्या कागदावर काढलेली होती. काढणाऱ्याने त्यासाठी कोणाकडून एक पैसाही घेतला नव्हता. लिलावात सगळीच्या सगळी चित्रे विकली गेली आणि एकूण रक्कम झाली ९२ लाख डॉलर, तेव्हाच्या दराने ७७ कोटी रुपयांहून अधिक. ती काढणारे कीथ हेरिंग १९९० मध्येच जग सोडून गेले होते. याच हेरिंग यांनी १९८६ मध्ये ‘अँडी माउस’ नावाचा चार स्क्रीनप्रिंट्सचा संच काढला. मर्यादित आवृत्तीच्या छापील चित्रांचा बाजार कसा चालतो, त्यात पैसा कोणाला मिळतो आणि खरे-खोटे कोण ठरवते, हे समजून घ्यायला या संचाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

‘अँडी माउस’मध्ये आहे काय?

मिकी माउसचे मोठे गोल कान, त्याखाली काळा चष्मा आणि विस्कटलेले उभे केस. हे केस आणि चष्मा पॉप आर्टचे सर्वांत प्रसिद्ध नाव असलेल्या अँडी वॉरहॉल यांचे. म्हणजे शरीर उंदराचे आणि ओळख चित्रकाराची. चारही चित्रांत डॉलरची खूण पुन्हा पुन्हा येते. एका चित्रात तर हा उंदीर डॉलरच्या नोटेच्या मधोमध, जिथे एरवी राष्ट्राध्यक्षांचा चेहरा असतो, तिथे बसवला आहे. भडक, सपाट रंग आणि जाड काळी रेघ ही हेरिंग यांची नेहमीची शैली इथेही आहे.

प्रत्येक पान ३८ इंच लांब आणि तितकेच रुंद, म्हणजे साधारण साडेशहाण्णव सेंटिमीटरचा चौरस. आवृत्ती ३० संचांची. न्यूयॉर्कच्या ‘जॉर्ज मुल्डर फाइन आर्ट्स’ने ती प्रकाशित केली. चार चित्रे गुणिले ३०, म्हणजे क्रमांक दिलेली १२० पाने. प्रत्येक पानावर पेन्सिलीने दोन सह्या आहेत, एक हेरिंग यांची आणि दुसरी खुद्द वॉरहॉल यांची. ज्याचे व्यंगचित्र काढले, त्यानेच त्याखाली सही केली! पुढच्याच वर्षी, २२ फेब्रुवारी १९८७ रोजी वॉरहॉल यांचा मृत्यू झाला. त्यानंतर तीन वर्षांनी, १६ फेब्रुवारी १९९० रोजी हेरिंग एड्सने गेले. तेव्हा ते ३१ वर्षांचे होते. त्यामुळे या दोन सह्या एकत्र असलेला नवा कागद आता तयार होऊ शकत नाही. आज या संचातील सुट्या पानांनाही लिलावात सहा आकडी डॉलर मिळतात.

हेरिंग कार्टूनकडे कसे वळले?

हेरिंग यांचा जन्म १९५८ मधला, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातला. कुट्झटाउन या छोट्या गावात ते वाढले. वडील हौसेखातर कार्टून काढत आणि मुलालाही शिकवत. वॉल्ट डिस्ने, डॉ. स्यूस आणि ‘पीनट्स’चे चार्ल्स शुल्झ यांची चित्रे पाहतच त्यांचा हात तयार झाला. १९७८ मध्ये ते न्यूयॉर्कच्या ‘स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्स’मध्ये दाखल झाले. तेव्हा शहरात ग्राफिटीचा जोर होता.

भुयारी स्थानकांत जाहिरातीची मुदत संपली की चौकटीवर काळा कागद चिकटवला जाई. हेरिंग यांना तो शाळेतल्या फळ्यासारखा वाटला. १९८० पासून ते पांढऱ्या खडूने त्यावर चित्रे काढू लागले. रांगणारे बाळ, भुंकणारा कुत्रा, उडत्या तबकड्या, नाचणारी माणसे. पोलीस यायच्या आत संपवायचे असल्याने रेघ एकदाच ओढायची आणि खोडायचे नाही. कार्टूनची भाषा इथे कामी आली. गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाला चित्र समजायला दोन सेकंद पुरत. यासाठी पोलिसांनी त्यांना पकडलेही. पण १९८५ पर्यंत अडचण वेगळ्याच बाजूने आली. हेरिंग यांचे नाव मोठे झाले आणि लोक ते कागद सोलून नेऊन विकू लागले. चित्र प्रवाशांना दिसण्याआधीच गायब होऊ लागल्यावर त्यांनी हा उद्योग थांबवला. २०२४ च्या लिलावातील ३१ चित्रे ही अशाच प्रकारे वाचलेल्या कागदांपैकी.

स्क्रीनप्रिंट नेमकी कशी होते?

तंत्र आपल्याकडे अनोळखी नाही. लग्नपत्रिका, दुकानांच्या कापडी पिशव्या, क्रीडा मंडळांचे टी-शर्ट वर्षानुवर्षे याच पद्धतीने छापले जात आहेत. चौकटीवर बारीक विणीची जाळी ताणून बसवतात. तिच्यावर प्रकाशाने घट्ट होणारे रसायन पसरवतात. छापायचा आकार पारदर्शक फिल्मवर गडद काळ्या रंगात काढून ती फिल्म जाळीवर ठेवतात आणि वरून प्रखर प्रकाश सोडतात. जिथे प्रकाश पोहोचतो तिथे रसायन कडक होते आणि काळ्या आकाराखाली ते मऊच राहते. पाण्याने धुतले की मऊ भाग निघून जातो आणि जाळीची तेवढीच छिद्रे मोकळी होतात. मग जाळीखाली कागद ठेवायचा, वर शाई ओतायची आणि रबरी पट्टीने ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढायची. मोकळ्या छिद्रांतून शाई कागदावर उतरते.

एका जाळीतून एका वेळी एकच रंग. पाच रंग हवे असतील तर पाच जाळ्या आणि प्रत्येक कागद पाच वेळा छपाईच्या टेबलावर. मधे प्रत्येक थर वाळू द्यायचा. खरी परीक्षा रंग जुळवण्याची. दुसरी जाळी मिलिमीटरभर जरी सरकली तरी दोन रंगांमध्ये पांढरी फट दिसते किंवा एक रंग दुसऱ्यावर चढतो. हेरिंग यांच्यासारखी जाड काळी बाह्यरेषा अशा जोडण्या झाकते. म्हणूनच कार्टूनची शैली आणि स्क्रीनप्रिंटचे तंत्र यांचे चांगले जमते. सपाट रंग, स्पष्ट कडा आणि सावल्यांचा अभाव ही कार्टूनची वैशिष्ट्ये, आणि जाळीतून नेमके तेच सर्वांत चांगले उतरते.

मग ही ‘मूळ’ कलाकृती कशी?

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. आधी कॅनव्हासवर चित्र काढले आणि नंतर त्याच्या छापील प्रती काढल्या, तर त्या प्रती म्हणजे पुनर्मुद्रण. पण छापण्यासाठीच चित्र रचले गेले असेल, रंगांचे थर त्याच हिशेबाने ठरवले असतील आणि कलाकाराने प्रत्येक पान पाहून सही केली असेल, तर छापलेला कागद हीच मूळ कलाकृती मानली जाते. ‘अँडी माउस’ या दुसऱ्या प्रकारात मोडतो.

अर्थात रबरी पट्टी कोणी ओढली, हा प्रश्न उरतोच. बहुतेक वेळा ती कुशल छपाई कारागिराने ओढलेली असते. कलाकार नमुना प्रत पाहून मंजुरी देतो आणि बाकीच्या प्रती तिच्याशी ताडून पाहिल्या जातात. म्हणजे स्क्रीनप्रिंटमध्ये कलाकाराचा हात रेघेत आणि सहीत असतो, छपाईत असेलच असे नाही. त्यामुळेच खरे-खोटे ठरवणे अवघड होते. वॉरहॉल यांच्या १९६५ मधील लाल पार्श्वभूमीच्या आत्मचित्रांच्या मालिकेवरून याच मुद्द्यावर वाद पेटला. फिल्म वॉरहॉल यांची होती, पण छपाई बाहेरच्या छापखान्यात, त्यांच्या अनुपस्थितीत झाली. ही चित्रे वॉरहॉल यांची म्हणायची का? प्रमाणीकरण मंडळाने ‘नाही’ म्हटले आणि एका मालकाने २००७ मध्ये न्यायालय गाठले.

कोपऱ्यातला आकडा काय सांगतो?

प्रिंटच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने १२/३० असे काहीतरी लिहिलेले असते. खालचा आकडा म्हणजे आवृत्तीतील एकूण प्रती, वरचा आकडा म्हणजे त्या प्रतीची ओळख. बारावी प्रत बाराव्या क्रमांकावरच छापली गेली, असा त्याचा अर्थ नसतो. थर वाळवताना आणि सह्या करताना कागदांचा क्रम बदलतो. क्रमांक एकची प्रत अधिक ‘अस्सल’ असते, हा समजही चुकीचा आहे.

या आकड्याबाहेरही प्रती असतात. कलाकाराने स्वतःसाठी ठेवलेल्या प्रतींना ‘आर्टिस्ट्स प्रूफ’ म्हणतात, छापणाऱ्याला दिलेल्यांना ‘प्रिंटर्स प्रूफ’ आणि रंगांचे प्रयोग करताना काढलेल्यांना ‘ट्रायल प्रूफ’. त्यामुळे आवृत्ती ३० ची असली तरी जगात त्या चित्राची नेमकी तीसच पाने असतात असे नाही. संच असेल तर आणखी एक गोष्ट पाहिली जाते. चारही पानांवर एकच क्रमांक असेल, तर तो संच सुरुवातीपासून एकत्र राहिला असे मानतात आणि त्याला जास्त भाव मिळतो. अनेक संच मात्र मालकांनी पाने सुटी करून विकल्याने फुटले आहेत.

महत्त्वाचे म्हणजे हा आकडा तांत्रिक मर्यादा दाखवत नाही. जाळी तीस प्रतींनंतर फाटत नाही. ‘यापुढे छापणार नाही’ असा शब्द कलाकाराने आणि प्रकाशकाने दिलेला असतो आणि खरेदीदार पैसे मोजतो ते त्या शब्दासाठी. हा शब्द पाळला जावा म्हणून छपाईनंतर जाळी नष्ट करण्याची किंवा रसायन काढून ती कोरी करण्याची प्रथा आहे. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी तर त्यासाठी कायदे केले. एकापेक्षा अधिक प्रतींत निघणारी कलाकृती विकताना कलाकार, छपाईची पद्धत, सहीचे स्वरूप, काळ आणि आवृत्तीची संख्या ही माहिती विक्रेत्याने लेखी देणे तिथे बंधनकारक आहे.

शब्द मोडला तर काय होते, याचे जुने उदाहरण साल्वादोर दालींचे. १९७४ मध्ये फ्रान्सच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी अंडोराच्या सीमेवर एक ट्रक अडवला. त्यात दालींची सही असलेले सुमारे ४० हजार कोरे कागद होते. सही आधी, चित्र नंतर! तेव्हापासून दालींच्या उत्तरकाळातील प्रिंट्सवरचा बाजाराचा विश्वास जो उडाला, तो पुरता परतलेला नाही. अस्सल सहीसुद्धा पुरेसा पुरावा नसते, हे त्या ट्रकने दाखवून दिले.

कधी २० हजार, कधी ३०… असे का?

१९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये अण्वस्त्रविरोधी महासभा झाली. हेरिंग यांनी तिच्यासाठी स्वतःच्या खर्चाने २० हजार भित्तिचित्रे छापून फुकट वाटली. चारच वर्षांनी ‘अँडी माउस’ निघाला तो ३० संचांचा. त्याच वर्षी, एप्रिल १९८६ मध्ये त्यांनी मॅनहॅटनमधील लाफायेत स्ट्रीटवर ‘पॉप शॉप’ नावाचे दुकान उघडले. तिथे टी-शर्ट, बिल्ले, चुंबके, पोस्टर अशा वस्तू मिळत. ज्याला गॅलरीची पायरी चढायला संकोच वाटतो, त्यानेही चित्र घरी न्यावे, हा त्यामागचा उद्देश. समीक्षकांनी ‘कलेचे दुकान मांडले’ अशी टीका केली. दुकान हेरिंग यांच्या पश्चातही २००५ पर्यंत चालले.

यात विसंगती आहे का? वरवर पाहता आहे. पण हेरिंग यांच्या दृष्टीने प्रत्येक संख्येचे काम वेगळे होते. २० हजार भित्तिचित्रे संदेश पोहोचवण्यासाठी, टी-शर्ट ओळख पसरवण्यासाठी आणि क्रमांकित प्रिंट्स उत्पन्नासाठी. याच दुकानाच्या नावाने त्यांनी १९८७ पासून ‘पॉप शॉप’ स्क्रीनप्रिंट्सचे संचही काढले. त्यांची आवृत्ती २०० ची होती. म्हणजे ३० आणि २० हजार यांच्यामधली आणखी एक पायरी. रेघ तीच आणि आकृत्याही त्याच. बदलला तो खालचा आकडा आणि त्याबरोबर किंमत.

पैसा शेवटी कोणाला मिळतो?

प्रिंट पहिल्यांदा विकली जाते तेव्हा पैसे प्रकाशक, गॅलरी आणि कलाकार यांच्यात वाटले जातात. त्यानंतर ती कितीही वेळा, कितीही किमतीला विकली गेली तरी नफा विकणाऱ्याचा आणि दलाली लिलावसंस्थेची. अमेरिकेत पुनर्विक्रीतून कलाकाराला किंवा वारसांना वाटा देणारा संघराज्य पातळीवरचा कायदा नाही. त्यामुळे ‘अँडी माउस’चे पान एका संग्राहकाकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा ‘कीथ हेरिंग फाउंडेशन’च्या हाती काही लागत नाही.

हे फाउंडेशन हेरिंग यांनी १९८९ मध्ये, आजाराचे निदान झाल्यावर स्थापन केले. मुलांसाठी काम करणाऱ्या आणि एड्सविरोधात लढणाऱ्या संस्थांना मदत करणे हे त्याचे काम. त्याच्या उत्पन्नाचा एक मार्ग म्हणजे चित्रांच्या वापराची परवानगी. ‘युनिक्लो’च्या टी-शर्टवर किंवा कुठल्याशा बुटावर हेरिंग यांची नाचणारी आकृती छापली जाते तेव्हा त्याचे परवाना शुल्क फाउंडेशनला मिळते. म्हणजे महागड्या प्रिंटच्या फेरविक्रीतून हेरिंग यांच्या कार्याला काहीच मिळत नाही आणि मॉलमधल्या स्वस्त टी-शर्टमधून थोडे का होईना, मिळते. संग्राहक ज्या टी-शर्टकडे तुच्छतेने पाहतात, त्याचा हा हिशेब.

अपवादही आहे. २०२० मध्ये फाउंडेशनने हेरिंग यांच्या स्वतःच्या संग्रहातील कलाकृती ‘सदबीज’च्या ऑनलाइन लिलावात विकल्या. त्यातून आलेले सुमारे ४६ लाख डॉलर न्यूयॉर्कमधील एलजीबीटी समुदायाच्या केंद्राला देण्यात आले. तिथे पैसा कार्याकडे गेला, कारण विकणारे फाउंडेशनच होते.

भारतात याबाबत कायदा आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३ अ नुसार मूळ चित्र, शिल्प किंवा रेखाटन १० हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर कलाकाराला किंवा वारसांना कमाल १० टक्क्यांपर्यंत वाटा मागता येतो. मात्र त्या कलमात छापील प्रतींचा स्वतंत्र उल्लेख नाही.

खरे-खोटे कोण ठरवते?

बाजाराची सर्वांत नाजूक कडी हीच आहे. हेरिंग यांच्या कलाकृती तपासून प्रमाणपत्र देणारी समिती फाउंडेशनने २०१२ मध्ये बंद केली. त्याच सुमारास वॉरहॉल यांच्या कलाकृतींचे प्रमाणीकरण मंडळही बरखास्त झाले. लाल आत्मचित्राचा खटला लढवताना वॉरहॉल फाउंडेशनचे सुमारे ७० लाख डॉलर खर्च झाले होते. तो दावा मालकाने शेवटी मागे घेतला. म्हणजे खटला न हरताही एवढा भुर्दंड! ‘हे चित्र खोटे आहे’ असे म्हटले की मालकाचे लाखोंचे नुकसान होते आणि तो न्यायालयात जातो. गप्प राहणे स्वस्त पडते, हा धडा कलाकारांच्या संस्थांनी घेतला.

परिणाम लगेच दिसला. २०१३ मध्ये मायामीत हेरिंग यांच्या नावाने मोठे प्रदर्शन भरले. त्यातील बहुसंख्य चित्रे बनावट असल्याचे सांगत फाउंडेशनने न्यायालयात धाव घेतली आणि चित्रे हटवावी लागली. पुढच्याच वर्षी काही संग्राहकांनी उलट फाउंडेशनवर ४ कोटी डॉलरचा दावा ठोकला. फाउंडेशन आमच्याकडची चित्रे अस्सल मानत नाही, त्यामुळे ती विकता येत नाहीत, ही त्यांची तक्रार होती.

जिवंत कलाकारांनी यातून वेगळे मार्ग काढले. ब्रिटनचा बँक्सी स्वतःची ओळख लपवतो, पण त्याच्या प्रिंट्ससाठी ‘पेस्ट कंट्रोल’ नावाचे कार्यालय आहे. ते देत असलेल्या प्रमाणपत्राला बँक्सीनेच छापलेल्या, प्रिन्सेस डायनाचा चेहरा असलेल्या नकली दहा पौंडाच्या नोटेचा फाडलेला अर्धा तुकडा जोडलेला असतो. उरलेला अर्धा कार्यालयाकडे. दोन्ही तुकडे जुळले की प्रत खरी. नकली नोट खऱ्या चित्राची साक्ष देते, ही गंमत हेरिंग यांनाही आवडली असती.

हेरिंग यांच्या प्रिंट्सबाबत खरेदीदाराला एक आधार मात्र आहे. क्लाउस लिटमन यांनी त्यांच्या १९८२ ते १९९० या काळातील सर्व छापील आवृत्त्यांची सूची पुस्तकरूपात केली आहे. कोणत्या प्रिंटचा आकार किती, कागद कोणता, प्रती किती, हे त्यात नोंदलेले आहे. सूचीत २०० ची आवृत्ती असलेल्या चित्रावर कोणी ४७/३०० लिहून आणले, तर गोष्ट तिथेच संपते. कॅनव्हास किंवा रेखाटनांना असा सरळ हिशेब लावता येत नाही. त्या अर्थाने मर्यादित आवृत्तीचा आकडा हे खरेदीदाराचे संरक्षणही आहे.

मिकी माउस कोणाचा?

‘अँडी माउस’ निघाला तेव्हा मिकी पूर्णपणे डिस्नेच्या स्वामित्वात होता. १९२८ मधील ‘स्टीमबोट विली’ या लघुपटातील मिकीवरचा अमेरिकेतील कॉपीराइट १ जानेवारी २०२४ रोजी संपला. पण तो संपला केवळ त्या जुन्या, कृष्णधवल रूपापुरता. नंतरच्या रूपांवर हक्क तेव्हा कायम होते आणि डिस्नेचा ट्रेडमार्क वेगळाच. कार्टूनवरून चित्र काढणाऱ्या आजच्या रस्त्यावरील कलाकारांसाठी ही रेषा महत्त्वाची आहे. ‘कॉज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ब्रायन डोनली यांच्या आकृत्यांतही मिकी आणि ‘सिम्पसन्स’ सहज ओळखू येतात. त्यांचे ‘द कॉज अल्बम’ हे चित्र एप्रिल २०१९ मध्ये हाँगकाँगमध्ये ११ कोटी ५९ लाख हाँगकाँग डॉलरना विकले गेले. अंदाज होता ६० ते ८० लाखांचा.

काळाने एक वर्तुळही पूर्ण केले. २०२१ मध्ये डिस्नेच्या परवानगीने मिकी आणि हेरिंग यांच्या चित्रांचे एकत्रित कलेक्शन ‘कोच’ या ब्रँडने बाजारात आणले. हेरिंग लहानपणी ज्याची चित्रे गिरवत मोठे झाले, तो मिकी आता त्यांच्याच रेघेत हँडबॅगवर अवतरला.

खरेदी करताना काय पाहावे?

कोटीची प्रिंट घेणारे थोडेच. पण भारतातही एम. एफ. हुसेन, एस. एच. रझा यांच्या चित्रांच्या ‘सेरिग्राफ’ प्रती दालनांत आणि ऑनलाइन विकल्या जातात. सेरिग्राफ हे स्क्रीनप्रिंटचेच दुसरे नाव. त्यामुळे काही प्रश्न इथेही तेवढेच लागू होतात.

पहिला प्रश्न, ही प्रत छपाईसाठीच रचलेल्या चित्राची आहे की आधीच्या कॅनव्हासवरून काढलेली? दोन्ही विकत घेण्यात गैर काही नाही, मात्र दोन्हींची किंमत एक असू शकत नाही. दुसरा, सही हाताने पेन्सिलीने केलेली आहे की चित्राबरोबरच छापलेली? हेरिंग यांच्या मृत्यूनंतर निघालेल्या काही आवृत्त्यांवर त्यांची सही नाही. तिथे वारसासंस्थेचा शिक्का आणि फाउंडेशनच्या ज्युलिया ग्रुएन यांची सही आहे. १९९० चा ‘आयकॉन्स’ हा संच त्यातलाच. ती प्रत बनावट नसते, पण हयातीत सही केलेल्या प्रतीइतका भाव तिला नसतो. तिसरा, आवृत्ती कितीची आणि आकड्याबाहेरच्या प्रूफ किती? चौथा, प्रत आजवर कोणाकोणाकडे होती आणि त्याच्या पावत्या आहेत का?

घरी करता येण्याजोगी एक चाचणीही आहे. साध्या भिंगातून सपाट रंगाचा भाग पाहावा. स्क्रीनप्रिंटमध्ये शाईचा सलग, किंचित जाड थर दिसतो. ऑफसेट किंवा इंकजेट छपाईत तोच रंग बारीक ठिपक्यांनी बनलेला असतो. वॉरहॉल यांच्यासारख्या छायाचित्रांवर आधारित स्क्रीनप्रिंटमध्ये ठिपके मुळातच असू शकतात, त्यामुळे तिथे ही चाचणी अपुरी. हेरिंग यांच्या सपाट रंगांत मात्र ठिपक्यांची जाळी दिसली, तर हाती पोस्टर आहे असे समजावे.

आणि प्रमाणपत्र? त्यावर सही कोणाची आहे ते आधी वाचावे. विक्रेत्याने स्वतःच्या लेटरहेडवर दिलेले प्रमाणपत्र हे त्या विक्रेत्याइतकेच विश्वासार्ह असते. हेरिंग यांच्या बाबतीत २०१२ नंतरची तारीख असलेले आणि फाउंडेशनच्या समितीचे म्हणून दाखवलेले प्रमाणपत्र समोर आले, तर व्यवहार थांबवणे शहाणपणाचे. कारण तोपर्यंत ती समिती बंद झालेली होती.